दुष्टामागचा दुष्ट

कथेंतील खल दुष्ट कां झाला, हें विचारण्याचा वाचकास हक्क आहे. परंतु त्या प्रश्नाच्या उत्तरांत त्याचें दुष्कृत्यच विरघळून जावें काय? प्रश्न जुना आहे. पण आमच्यापुढें तो नव्यानें आला, तो एका खेळामुळें. अमेरिकेंतील ब्लिझर्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा इंटरनेटवरील खेळ २००४ च्या नोव्हेंबरांत सुरू झाला आणि अद्याप चालू आहे. २०१० सालीं त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाख होते. अझेरॉथ नांवाच्या कल्पित जगांत खेळाडू एकत्र वावरतात, लढतात, आणि दर दोनएक वर्षांनीं निघणाऱ्या नव्या खंडाबरोबर कथा पुढें सरकते. घरांतील मुलें ज्या कथेंत इतकीं वर्षें रमतात, तिला निव्वळ पोरखेळ म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

या कथेचा सर्वांत गाजलेला खल म्हणजे राजपुत्र आर्थस. २००२ सालच्या 'वॉरक्राफ्ट ३' या पूर्वीच्या खेळांत तो प्रथम दिसतो. स्ट्रॅथोम नगरींतील लोकांनीं विषारी धान्य खाल्लें आहे आणि ते लवकरच शत्रूच्या ताब्यांतील प्रेतें होणार, हें कळतांच तो सर्वांच्या कत्तलीची आज्ञा देतो. त्याचा गुरु उथर साफ नकार देतो. त्याची प्रेयसी जेना पाठ फिरवून निघून जाते. तरी तो थांबत नाहीं. पुढें तो शापित तलवार हातीं घेतो व पित्याचाच वध करतो. ही कथा मनाला चटका लावते, कारण परत फिरण्याची वाट त्यास दाखविली गेली होती. रावणालाही बिभीषण व मंदोदरी यांनीं सांगून पाहिलें होतेंच. मॅकबेथला चेटकिणींनीं भविष्य सांगितलें, पण खंजीर त्याच्याच मुठींत होता.

परंतु ज्या कथेस संपावयाचें नाहीं, तिला एक खल मारला कीं दुसरा, आणि तोही अधिक मोठा, शोधावा लागतो. २०२० सालच्या 'शॅडोलँड्स' या खंडांत आर्थसच्या तलवारीमागें आणि मुकुटामागेंही परलोकांतील 'जेलर' नामक शक्ति होती, असें उघड झालें. अशा रीतीनें प्रत्येक दुष्टामागें आणखी एक दुष्ट उभा राहतो आणि पुढचा मागच्याच्या हातचें बाहुलें ठरतो. आमच्या पुराणांनींही रावणास जय-विजयांपैकीं शापभ्रष्ट द्वारपाल ठरविलें आहे. परंतु म्हणून सीताहरणाचा दोष वैकुंठाच्या दारावर टाकावा, असें कोणा कीर्तनकारानें सुचविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

खरी कसोटी लागली ती सिल्व्हानस या राणीच्या बाबतींत. २०१८ सालीं तिच्या आज्ञेनें टेल्ड्रासिल हा महावृक्ष, त्यावरील नगरी व माणसें यांसह, जाळण्यांत आला. विरुद्ध पक्षाचे खेळाडू लोकांस वांचविण्यासाठीं आंत शिरले. कितीही धांवले तरी सर्वांना बाहेर काढणें अशक्यच होतें. आणि तिच्या पक्षाचे खेळाडू? त्या वृक्षापर्यंतची वाट त्यांनींच लढून मोकळी केली होती. मोहिमेंत उतरणाऱ्यास तिचा शेवट बदलण्याचा मार्ग कथेनें ठेविला नव्हता. नाटकाचा प्रेक्षक खुनांत भागीदार नसतो. येथें मात्र प्रेक्षकाच्याच हातीं शस्त्र होतें. पुढें कथेनें असें सांगितलें कीं, पूर्वीं आर्थसनें तिला मारलें तेव्हां तिच्या आत्म्याचे दोन तुकडे झाले होते व चांगला तुकडा तिच्याजवळ नव्हता!

करुणेला कारणें हवीं असतात, हें आम्ही मान्य करतों. जिला मारून दासी केलें, तिच्या दुःखाकडे डोळेझांक करणारा न्याय क्रूरच होय. पण कारण सांगणें निराळें आणि दोष पुसून टाकणें निराळें. राणीचा अपराध तुटलेल्या आत्म्यावर गेला, तर तिच्यामागें चालणाऱ्या सैनिकाचा अपराध राणीवर जाईल; मग आग लावली कोणी? 'वरून हुकूम होता' हें वाक्य कचेऱ्यांत व रणांगणांवर आपण पुरेसें ऐकलें आहे. तें आमच्या मुलांनीं खेळांतून शिकूं नये.

सुदैवानें कथाकारांनीं अखेरीस एक गोष्ट योग्य केली. २०२२ सालीं सिल्व्हानसचा निवाडा, जिची प्रजा जळाली त्या टायरांडेकडे आला. तिनें मृत्युदंड दिला नाहीं. परलोकाच्या अंधारांत अडकलेला प्रत्येक आत्मा शोधून सोडविण्याचें काम दिलें. आत्मा पुन्हां अखंड झाला तरी काम माफ झालें नाहीं. पांच अंकी नाटकांत खल मरतो आणि पडदा पडतो. अपराधानंतरचे कष्टाचे दिवस दाखविण्याइतका अवकाश दीर्घ कथेपाशींच असतो. पण येथें कथा तिला त्या कामावर सोडून नव्या खंडाबरोबर ड्रॅगनांच्या बेटांकडे निघून गेली. वीस वर्षें चाललेल्या कथेला त्या अंधारांत तिच्याबरोबर थोडें चालण्यास वेळ नव्हता, असें आम्हांस वाटत नाहीं.