काळजी करणे आणि काळजी घेणे



मिस्सा संपल्यावर भेटायला थांबणाऱ्यांपैकी अनेकजण एकच तक्रार सांगतात : "फादर, छातीत धडधड होते." कोणाला कर्जाच्या हप्त्याचा घोर, कोणाला कपाशीच्या भावाचा, कोणाला मुलीच्या लग्नाचा. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठोके कानात ऐकू येतात. हे दुखणे नवे नाही. अडतिसाव्या स्तोत्राचा कर्ताही देवापुढे हेच गाऱ्हाणे मांडतो.

आम्हाला आधी एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका मावशींनी ही तक्रार सांगितली, तेव्हा त्यांचे बोलणे पुरते ऐकून न घेताच आम्ही म्हणालो, "विश्वास ठेवा, प्रार्थना करा." त्या मान हलवून गेल्या. सहा महिन्यांनी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा तपासणीत कळले की अंगात रक्त फार कमी आहे. आमच्या उपदेशाने त्यांना दिलासा मिळाला नव्हताच. उलट 'आपला विश्वासच कमी पडतो' ही आणखी एक काळजी आम्ही त्यांच्या गाठीला बांधली होती.

भीती वाटली की शरीर अॅड्रेनालिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते आणि हृदय जोराने धावू लागते. साप दिसला तर पळायला बळ यावे म्हणून देवाने केलेली ही सोय आहे. पण शरीराला साप आणि सावकार यांतला फरक कळत नाही. मग ठोक्यांचीच भीती वाटते, आणि भीतीने ठोके आणखी वाढतात. म्हणून 'मनाचे खेळ' म्हणून कोणाला हसू नये. ती धडधड खरी असते. मात्र ती दरवेळी मनामुळेच असते असेही नाही. रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, फार चहा, खर्रा-तंबाखू, हृदयाच्या लयीतला दोष, यांनीही ती होते.

आपल्या मराठीत एकच शब्द दोन कामे करतो. आपण काळजी 'करतो' आणि काळजी 'घेतो'. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू पहिलीपासून आपल्याला सोडवू पाहतो. दुसरी सोडा असे तो कधीच म्हणत नाही. जीव नकोसा होऊन रानात झाडाखाली पडलेल्या एलियाला देवदूताने उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, मग भाकर आणि पाणी दिले. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनीही दुःखावरच्या उपायांत सत्याच्या चिंतनाबरोबर रडणे, मित्रांची सोबत, झोप आणि स्नान सांगितले आहे. सेमिनरीत आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले होते. अर्थ त्या मावशींनी शिकवला.

आपल्या नालवाडीतच याचे एक उदाहरण घडले आहे. विनोबा भावे 1932 च्या अखेरीस येथे राहायला आले आणि सूत कातून मिळेल त्या मजुरीवर जगू लागले. 1938 पर्यंत शरीर अगदी खंगले. त्यांचे दुखणे धडधडीचे नव्हते. पण उपाय आपल्या उपयोगाचा आहे. गांधीजींनी प्रकृतीकडे लक्ष द्यायला सांगितल्यावर ते पवनारला निघाले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाचे सारे विचार सोडल्याचे मनाशी त्रिवार म्हटले. तेथे विश्रांती आणि बेताचे काम यांनी काही महिन्यांत त्यांचे वजन सुमारे 40 पौंडांनी वाढले. काळजी करणे पुलावर सोडले, काळजी घेणे सोबत नेले.

प्रार्थना आपल्यासाठी तो पूल आहे. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 23 निरोगी माणसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेत जपमाळ म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. तेव्हा माळ घाईने उरकू नका. शब्दांना श्वास द्या. पण माळ हातात आहे म्हणून तपासणी टाळू नका. वरचेवर धडधड होत असेल तर डॉक्टरांना नाडी दाखवा. छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ किंवा शुद्ध हरपणे यांतले काही सोबत असेल, तर सकाळची वाट न पाहता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जा.

या आठवड्यात आपल्या शेजारी कोणाला अशी रात्र काढावी लागत असेल, तर "प्रार्थना करा" एवढेच सांगून परतू नका. बसा, ऐका, गरज पडल्यास दवाखान्यात सोबत जा. सोबतीला कोणी नसेल तर आम्हाला निरोप द्या, आम्ही येऊ. आणि मावशींसारखे कोणी मनात 'माझाच विश्वास कमी' म्हणत असेल, तर त्यांना सांगा की गेथशेमाने बागेत प्रभूचाही जीव व्याकूळ झाला होता, आणि त्यानेही आपल्या शिष्यांना सोबत जागे राहायला सांगितले होते.

हे प्रभू, आमच्या काळजाची धडधड तू ऐकतोस. आम्हालाही एकमेकांची ऐकायला शिकव. आमेन.

आपला,
धर्मगुरू