मैत्री बदकात शोधावी का?

पहिल्यांदाच बदक पाळायला निघालेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यांत माणसाळू जात कोणती? वाळव्यातला मळा असो की साताऱ्यातल्या बंगल्याचे परस, प्रश्न तोच. व्यवहारापुरते त्याचे उत्तर अवघड नाही. व्हाइट पेकिन अंगाने जड आणि स्वभावाने निवांत. पंख असून नसल्यासारखे, त्यामुळे कुंपणावरून उडून जाण्याची धास्ती नाही. खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण बुजरी. इंडियन रनर बाटलीसारखी ताठ चालते आणि पान हलले तरी सगळा थवा कोपऱ्यात जमा होतो. मस्कव्ही ओरडत नाही, नुसती फुसफुसते, मात्र संधी मिळाली की कौलावर जाऊन बसते. एवढे सांगून विचारणाऱ्याला वाटेला लावता येईल. पण या प्रश्नाच्या पोटात एक गृहीत आहे: मैत्री हा बदकाच्या अंगचा गुण आहे, एखाद्या जातीत तो जास्त असतो आणि नेमकी जात निवडली की पिल्लाबरोबर तोही घरी येतो. माझ्या मते मैत्रीचा पत्ता इथेच चुकतो. ती पाळणाऱ्याच्या अंगी असावी लागते. जातीची निवड तिच्या मागून येते, आणि मागून आली की निवडीचे निकषही बदलतात.

सांगली, मिरज, वाळवा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन घराणी आहेत. गोठा आणि अणुव्रते, म्हणजे गृहस्थाने पाळायची व्रते, एकाच वाड्यात नांदवायची असल्याने जनावराशी कसे वागावे हा प्रश्न त्यांच्याकडे पोथीपुरता राहिला नाही. त्यांच्या तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशा चार भावना सांगितल्या आहेत. प्रमोद गुणवंतांविषयी, कारुण्य दुःखितांविषयी, माध्यस्थ्य उद्धटांविषयी. मैत्रीला मात्र अशी अट नाही, ती सर्व जीवांविषयी. पतंजलींच्या योगसूत्रातही जवळपास हीच चौकडी येते, पण तिथे मैत्री सुखी जीवांशी जोडली आहे. फरक बारीक असला तरी बदक घेणाऱ्याच्या कामाचा आहे. मैत्री सर्व जीवांविषयी ठेवायची तर समोरचा जीव जवळ येतो की पळतो, हातातले दाणे खातो की हातालाच चोच मारतो, यावर ती अवलंबून ठेवता येत नाही. बुजऱ्या कॅम्पबेलचाही तिच्यावर तेवढाच हक्क.

परतफेडीचा धर्म आपल्याकडे वेगळा आहे, आणि तो बैलाच्या वाट्याला आला आहे. सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शिंगे रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी भरवतात. वर्षभर राबला, त्याचे हे देणे. शेळी पाळणाऱ्याचा व्यवहारही उघड असतो, त्यात कोणी कोणाला फसवत नाही. हौसेचे बदक मात्र नांगर ओढत नाही, आणि निव्वळ अंड्यांसाठी ते पाळायचे असेल तर माणसाळूपणाची चौकशी करण्याचे कारणच नाही. मग त्याचा आपल्यावर हक्क कशाचा? एवढाच की आपण त्याला निवडले. त्याने आपल्याला निवडलेले नाही. हौस आपली, जन्मठेप त्याची. नीट ठेवले तर आठ-दहा वर्षांची. अशा एकतर्फी निवडीतून उभे राहणारे कर्तव्य श्रमाच्या देण्यापेक्षा हलके असावे, असे मानायला मला काही आधार दिसत नाही. बैल निदान कामातून आपली बाजू मांडत असतो. बदकाकडे तेही नाही.

यावर पहिला आक्षेप प्रेमाच्या बाजूनेच येतो. अंड्यातून बाहेर पडल्यापासून हातावर वाढवलेले पिल्लू पायात पायात घोटाळते, दिसेनासे झालो की टाहो फोडते. हे प्रेम नाही तर काय? ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांनी १९३५ साली या वर्तनाची सविस्तर मांडणी केली. पुढे १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. रानबदकाची पिल्ले मागे यावीत म्हणून हे विद्वान गृहस्थ गवतात उकिडवे सरकत बदकासारखे ओरडत असत. जन्मल्यानंतरच्या थोड्या काळात जे हलताना दिसेल त्याच्यामागे पिल्लू जाते, मग ते बदक असो, माणूस असो की ओढत नेलेला खोका. याचा अर्थ पिल्लू निर्बुद्ध आहे असा नव्हे. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या मार्टिन्हो आणि कासेलनिक यांना आढळले की एकसारख्या दोन वस्तूंची जोडी पाहिलेली पिल्ले पुढे निराळ्या वस्तूंतूनही एकसारखी जोडीच शोधतात. सारखेपणा ही कल्पना त्यांना पकडता येते. तेव्हा ओढ खरी आहे, तिच्यामागे डोकेही आहे. फक्त ती आपल्या लायकीवर बेतलेली नाही. शिवाय तिची किंमत पक्षी मोजतो. माणसातच एकटे वाढलेले बदक पुष्कळदा आपल्या भाईबंदांत मिसळत नाही, आणि वयात आले की जोडीदार म्हणूनही माणसाकडेच पाहू लागते. म्हणून पिल्ले निदान दोन-तीन एकत्र आणावीत. ती एकमेकांत रमतील, आपल्याकडे थोडी कमी येतील. ज्याला एवढेही सोसत नाही त्याने बदकाऐवजी आरसा घेतलेला बरा.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे: स्वभाव रक्तातून येतोच, मग जातीला महत्त्व नाही असे कसे म्हणता? तसे माझे म्हणणे नाही. पेकिनचा निवांतपणा खरा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेला आहे. पण निवांतपणा म्हणजे माया नव्हे, तो भीतीचा अभाव आहे. आणि भीती हे पक्ष्याचे दुःख आहे. घरात लहान मुले, दारात कुत्रे, पलीकडे रस्ता अशी स्थिती असेल तर तिथे रनर आणणे म्हणजे तिला रोज दहा वेळा धास्तावणे. तिथे पेकिनच योग्य, कारण तिला आपल्यापासून त्रास कमी होईल. मात्र ही जात मांसासाठी घडवलेली आहे, सहा-सात आठवड्यांत तीन किलोच्या आसपास जाणारी. तो भार शहाबादी फरशीवर दिवसभर पेलायला लावला तर तळपायांना जखमा होतात. तिला माती हवी, भुशाचा बिछाना हवा. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवले तर पाय वाकतात, आणि घरचे म्हणतात, जातच नाजूक.

तिसरा आक्षेप विरक्तांचा: पाळूच नये. भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरत राजा राज्य सोडून वनात गेला, नदीत वाहणारे हरणाचे पोरके पाडस त्याने वाचवले, त्याच्यात गुंतला आणि मरताना त्याचेच चिंतन केल्यामुळे हरिणाच्या जन्माला गेला. कथेचा धाक मोठा आहे, पण पाडसाला पाण्यातून काढले हा त्याचा दोष कथा मानत नाही. त्या जिवाच्या भल्याची काळजी हळूहळू त्याच्यावाचून आपले कसे होईल या काळजीत बदलली, तिथे घसरण झाली. माणसाळूपणाची अट घालणारा तर पिल्लू आणण्याआधीच त्या दुसऱ्या काळजीपाशी उभा असतो. विरक्तांचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मानतो: आपण विकत घेतो म्हणून आणखी पिल्ले उबवली जातात. म्हणून कोणाच्या दारी नकोशी झालेली बदके मिळत असतील तर ती आधी घ्यावीत. आणि नकोशी झाली म्हणून ती तळ्यात सोडणे हा मोक्ष नव्हे. पेकिनला खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर सोडले तर एक तर ती कुत्र्याच्या तोंडी जाईल, नाहीतर तिथल्या हळदीकुंकू बदकांशी संकर होऊन रानातली जात बिघडेल. उलट बाजूने, त्या हळदीकुंकू बदकाचे पिल्लू उचलून घरी आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कितीही माणसाळले तरी.

पाळायचेच ठरले तर मोजपट्टीही व्रतांतच सापडते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गोठ्यातल्या जनावराच्या बाबतीत शेवटच्याचा अर्थ उघड आहे, बदकाच्या बाबतीत तो थोडा पुढे न्यावा लागतो. त्याला पाणी पिण्यापुरते पुरत नाही. डोके आणि नाकपुड्या बुडवता आल्या पाहिजेत. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांच्या गटाने पेकिनवर केलेल्या अभ्यासात, नुसत्या तोटीतून पाणी मिळणाऱ्यांपेक्षा अंघोळीची सोय असलेल्या बदकांचे डोळे आणि नाकपुड्या स्वच्छ राहत होत्या. घरगुती हिशेबात एक खोल घमेले, रोज बदललेले पाणी आणि भोवती होणारा चिखल. कृष्णाकाठी यात अवघड काही नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडे टँकरची वाट पाहणारी गावे होती. माण-खटावची कथा वेगळी नाही. माणसे हंड्याने पाणी मोजतात तिथे हौसेसाठी बदक आणणे मला अधर्म वाटतो. एक तर माणसाचे पाणी तोडावे लागेल, नाहीतर बदकाचे. शेततळे आहे ना, असे तासगावकडचा द्राक्षबागायतदार म्हणेल. त्या तळ्याला प्लास्टिकचा कागद असतो. ओल्या उतारावर बदकाचे पाय घसरतात, ते वर येऊ शकत नाही आणि दमून बुडते. काठावरून पाण्यात गोणपाट किंवा फळी सोडावी लागते, आणि फवारणीच्या दिवसांत त्याला बागेत फिरकू देता येत नाही.

बंध या अतिचाराचे काय? उसाच्या पट्ट्यात मुंगूस, कोल्हा, कराड-शिराळ्याकडे बिबट्याही. रात्री खुराडे बंद करावेच लागते. श्रावकाचाराच्या, म्हणजे जैन गृहस्थांच्या आचारग्रंथांच्या, टीकाकारांनी सकारण आणि निष्कारण बंधन असा भेद केला आहे, आणि सकारण बांधतानाही गाठ सैल असावी, आग लागली तर जनावराला सुटता यावे, असे सुचवले आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि जनावरे मागे टाकून निघायला कित्येकांचे पाय उचलेनात. बदक पोहते, त्याची कसली चिंता, असे अशा वेळी सहज तोंडून जाते. कडी लावलेल्या खुराड्यात पोहता येत नाही. नदीकाठी बदक ठेवणाऱ्याने खुराडे उंचावर बांधावे, कडी बाहेरून कोणालाही काढता येईल अशी ठेवावी, आणि आपण गावाला गेलो तर ती कोण काढणार हे पिल्ले आणण्याआधीच शेजाऱ्याशी बोलून ठरवावे.