साक्ष कोणाची धरावी?

संतसज्जनहो, गंगाखेडास गंगेच्या काठी आमचे कीर्तन आटोपले. बुक्का लावून मंडळी पांगली. एक शेतकऱ्याचा मुलगा मात्र मागे राहिला. म्हणाला, "महाराज, बाप माझा तीस वर्षं वारी करून गेला. दुःख काही चुकलं नाही त्याचं. देव आहे याला पुरावा काय?"

आम्ही पाठशाळेतले अनुमान काढले. घट दिसला की कुंभार मानावा, तसे जग दिसते म्हणून कर्ता मानावा. पोर हसले. "कुंभाराला मडकं घडवताना पाहिलंय मी. जग घडवताना कुणी पाहिलं?"

आम्ही निरुत्तर झालो. यात लाज नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे अनुमान मोठ्या ताकदीने मांडले; पण श्रीरामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात असे अनुमान खोडून, ईश्वर शास्त्रानेच कळतो, असे ठरविले. तेथे आमची काय कथा?

मग विश्वास हा वेडेपणा काय? तसे नव्हे. कुमारिल भट्ट स्वतः जगत्कर्ता मानीत नसत, तरी त्यांचा एक सिद्धांत आपल्या कामाचा आहे. झालेले ज्ञान आधी खरे धरावे. बाधक पुढे आले तर सोडावे. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागू लागलो तर त्या पुराव्यालाही पुरावा हवा. ही अनवस्था संपतच नाही. लेकरू आईला आई म्हणते, ते काय कागद पाहून? मात्र बाधक आले म्हणजे कान झाकू नयेत.

पोराचे बाधक होते बापाचे दुःख. त्याला आम्ही त्याच्याच गावची जनाबाई दाखविली. नामदेवरायांच्या घरची ती दासी. तिचे दळण सुटले नाही, कांडण चुकले नाही. कष्ट टळले असे ती सांगत नाही; जात्याशी विठ्ठल सोबतीला होता, एवढेच सांगते. हे अनुमान नव्हे, ही साक्ष आहे. आणि नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण धरावा तो आप्ताचा. जो जाणतो आणि जाणले तसे बोलतो, त्याचा. जनीला खोटे बोलून काय मिळवायचे होते?

मग आम्ही विचारले, "तुझा बाप खोटं बोलायचा का रे?"

"कधीच नाही."

"वारीचं काय सांगायचा?"

पोर थोडे थांबले. "चालताना एकटं वाटत नाही म्हणायचा."

"मग साक्ष तुझ्या घरातच आहे, बाबा. मान अथवा मानू नको. पण मानलंस तर कुणी तुला खुळा म्हणू शकणार नाही."

माळकऱ्यांनो, यात आपल्यालाही धडा आहे. अंगारा देऊन पैसे मागतो त्याला पुरावा जरूर विचारा. तो साक्षीदार नव्हे, व्यापारी आहे. आणि गळ्यात माळ घालून मापात पाप कराल, तर तुमचे लेकरू कोणाची साक्ष धरील? जगाला देव दाखविणे आपल्या हाती नाही. साक्ष खरी ठेवणे मात्र आहे.

राम कृष्ण हरी.