आधी पन्हाळा की आधी खिंड?

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या मुळशीकडे पोरांचे हात मातीत जातात. यंदा आमच्या अंगणात पन्हाळा उभा राहायचा ठरला होता. दगड रचून झाले, पोत्यावर चिखल थापून झाला, उतारावर हळीव पेरले आणि बुरूज चढवता चढवता भांडण जुंपले.

भांडण किल्ल्यावरून नव्हते. सुट्टीत दिग्पाल लांजेकरांचे शिवरायांवरील पाच चित्रपट ओळीने पाहायचे, असा पोरांचा बेत होता. २०१८ साली ‘फर्जंद’ आला, २०१९ साली ‘फत्तेशिकस्त’, २०२२ साली ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’, आणि २०२३ साली ‘सुभेदार’. एका पक्षाचे म्हणणे, जसे आले तसे पाहावे. दुसरा पक्ष म्हणे, जसे घडले तसे पाहावे. दोहोंत किती अंतर आहे पाहा! ‘फर्जंद’मधली पन्हाळ्याची स्वारी १६७३ सालची, शाएस्तेखानावरचा छापा १६६३ चा, पावनखिंड १६६० ची आणि अफजलखानाचा वध १६५९ चा. म्हणजे पहिले चार चित्रपट इतिहासात उलटे उलटे चालत गेले, आणि पाचवा एकदम १६७० सालच्या सिंहगडावर चढला.

“गुरुजी, तुम्हीच सांगा,” म्हणून खटला माझ्यापुढे आला. मी काही बोलणार तोच एका चिमुरडीने निराळाच मुद्दा काढला. अजय पुरकर ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू होऊन पडतात, मग ‘सुभेदार’मध्ये तानाजी होऊन कसे येतात? दुसऱ्याने त्यावर कडी केली. महाराज पाचही चित्रपटांत चिन्मय मांडलेकरच आहेत. पण २०१८ साली ते त्रेचाळीस वर्षांचे महाराज झाले आणि २०२२ साली एकोणतीस वर्षांचे. नट वयाने वाढतो आहे आणि राजा लहान होतो आहे!

ओट्यावर वाती वळत बसलेल्या शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, “आमच्या गावच्या नाटकात एकच गडी पहिल्या अंकात मरायचा अन् तिसऱ्या अंकात राजा होऊन यायचा. आम्ही न्हाई कधी इचारलं.”

मलाही हसू आले. असले वाद एकट्या मुळशीचे नाहीत, जगभर चालतात. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या महावीरांचेच घ्या. तिचा ‘आयर्न मॅन’ २००८ साली आला आणि दुसऱ्या महायुद्धात घडणारा पहिला ‘कॅप्टन अमेरिका’ २०११ साली. तेव्हा कोणता आधी पाहावा, यावर मोठमोठी माणसेही हमरीतुमरीवर येतात. मला हा रिकामपणचा उद्योग वाटे. पण त्या संध्याकाळी अंगण झाडताना माझ्या मनात एक जुना काटा सलू लागला.

गेल्या पावसाळ्यात मी वर्गात मुळशी सत्याग्रहाचा पाठ घेतला होता. सुरुवात केली ती खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यापासून. हे धरण टाटा कंपनीने बांधले. त्याचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरते, तेथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. या धरणाखाली आपल्या मावळ्यांची गावे आणि भाताची खाचरे जाणार होती, म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते आणि तेव्हापासूनच लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. सुमारे तीन वर्षे लढा चालला, माणसे तुरुंगात गेली, पण धरण झालेच. पाठ संपला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, धरण होणारच होतं, तर ती माणसं उगीच कशाला तुरुंगात गेली?”

त्या मुलाचे पणजोबा त्या पाण्याखालच्या एका गावचे. मी त्याला काहीबाही सांगून खाली बसवले. उत्तर मजजवळ नव्हते. ते त्या संध्याकाळी मला पोरांच्या भांडणात सापडले.

चूक मुलाची नव्हती, माझी होती. मी गोष्ट शेवटाकडून सांगितली होती. धरण आधी दाखवले आणि माणसे मागाहून. ज्याला आधी धरण दिसले, त्याला सत्याग्रही वेडेच दिसणार! पण १९२१ साली खाचराच्या बांधावर उभ्या राहिलेल्या बाईला आजचे हे अफाट पाणी ठाऊक नव्हते. तिला दिसत होते हिरवे भात आणि ते मोजायला आलेली माणसे. काय होणार हे ठाऊक नसताना ती उभी राहिली, आणि त्या ‘ठाऊक नसण्या’तच तिचे सारे धैर्य होते. शेवट आधी सांगून मी ते तिच्याकडून काढून घेतले.

पावनखिंडीचेही तसेच नाही का? बाजीप्रभूंनी खिंड लढवली आणि महाराज विशाळगडी पोहोचले. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला. तो परत मिळाला तेरा वर्षांनी, कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी गड घेतला तेव्हा. ‘फर्जंद’ आधी पाहणाऱ्याला तो एका रात्रीचा पराक्रम वाटतो. खिंड आधी पाहिलेल्याला त्यात तेरा वर्षांची हळहळ दिसते. विजय तोच, पण त्याचे वजन निराळे.

मग जसे घडले तसेच पाहावे, असा निकाल द्यावा काय? तेही मला पुरते पटेना. जगाची ओळख आपल्याला पहिल्यापासून कधी होते? आजी आपल्याला प्रथम भेटते ती आजी म्हणूनच; ती कधी परकर नेसून चिंचा पाडीत होती, हे फार मागाहून कळते, आणि कळते तेव्हा आपली माया दुणावते. मुळशीच्या पोराला आधी पाणीच दिसणार. त्याला इलाज नाही. कळण्याचा क्रम आपल्या हाती नसतो.

पण पारख करण्याचा क्रम आपल्या हाती असतो. एखाद्याला शहाणा की वेडा ठरवताना त्याच्या पुढ्यात त्या दिवशी जेवढे होते, तेवढेच आपल्याही पुढ्यात ठेवावे. पुढचे आपल्याला ठाऊक आहे, ही आपली मोठी अक्कल नव्हे. आपण उशिरा जन्मलो, एवढेच. घरातही आपण हा अन्याय कितीदा करतो! वडिलांनी जमीन विकली, काकांनी धंदा बुडवला, असे आज म्हणणे फार सोपे असते.

पोरांना मी एवढेच सांगितले की, चित्रपट हवे त्या क्रमाने पाहा; पण पाहून झाल्यावर पाचही एकदा सनावळीने मनात लावून घ्या, आणि मगच कोण मोठा ते बोला. पोरांना हा निकाल मुळीच आवडला नाही. पण थोड्या वेळाने पाहतो तो पन्हाळ्याच्या पायथ्याशी दोन दगडांत फट ठेवून त्यांनी एक खिंड केली होती आणि तीत एक पणती लावली होती.

दिवाळीनंतर शाळा उघडेल. तो पाठ मी पुन्हा घेणार आहे. या खेपेस भाताच्या खाचरापासून सुरुवात करीन. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तरी चालेल.