रस्त्यावर न उतरलेले डिझेल

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अक्कलकोट रोड, दुधनी आणि गाणगापूर रोड ही स्थानके लागतात. स्वामी समर्थांचे दर्शन घेऊन दत्तदर्शनाला निघालेला भाविक इथेच महाराष्ट्राची वेस ओलांडतो. अशा वाटेवरच्या खाणावळीत किंवा लॉजमध्ये वीज गेली की जनरेटर लावावा लागतो. त्यात जळणाऱ्या डिझेलवर ट्रकमधल्या डिझेलइतकाच कर बसतो आणि त्या करात रस्ते व पायाभूत सुविधा उपकरही असतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो लिटरमागे ८ रुपये ठरला होता. डिझेल वस्तू व सेवा कराबाहेर असल्याने या कराची वजावटही मिळत नाही. जे इंधन रस्त्यावर उतरलेच नाही, त्याच्यावर रस्त्याचे पैसे घ्यावेत का? वरवर पाहता हा जमाखर्चाचा प्रश्न आहे, पण त्याच्या मुळाशी दिलेल्या शब्दाचा धर्म आहे.

या सीमाभागात तो धर्म बसवण्णांच्या परंपरेने शिकवला. बाराव्या शतकात कल्याणच्या बिज्जल राजाचा कोष सांभाळणाऱ्या या पुरुषाने कायक आणि दासोह ही दोन मूल्ये जोडली: कष्टाने मिळवावे आणि मिळवलेले समाजाला अर्पावे. मग कोणी म्हणेल, कर हाही दासोहच; अर्पण केलेले परत मागायचे नसते. हा आक्षेप वजनदार आहे आणि सर्वसाधारण कराबाबत मला तो मान्य आहे. कर ही एखाद्या सेवेची किंमत नव्हे. ज्याला मूल नाही, तोही शाळेसाठी कर भरतो. पण उपकर वेगळा आहे. त्याचे प्रयोजन शासनानेच नावात लिहिले आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकराच्या उत्पन्नात राज्यांना वाटा द्यावा लागत नाही, म्हणजे त्या नावाचा लाभही केंद्र घेते. नावाचा लाभ घ्यायचा तर नावाचे बंधनही पाळले पाहिजे, म्हणजे जनरेटरच्या डिझेलवरचा उपकर परत दिला पाहिजे. बोलणे आणि वागणे एक असावे, ही बसवण्णांची शिकवण भक्ताला जितकी लागू, तितकीच कोषालाही.

दुसरा आक्षेप असा, की या उपकराचा निधी आता केवळ रस्त्यांचा नाही. त्यातून ऊर्जेच्या सोयींवरही खर्च करता येतो. हे खरेच आहे. पण वीज खात्रीने येत नाही म्हणून तर जनरेटर लावावा लागतो. न पोचलेल्या सोयीचे पैसे तिच्या अभावाची झळ सोसणाऱ्याकडूनच घेणे हा उलटा न्याय झाला. तिसरा आक्षेप गैरवापराचा आहे: परताव्याचे डिझेल गाडीत जाईल. ही भीती खरी असली तरी तिला उत्तर आहे. महाराष्ट्रात मच्छीमारांना नौकांच्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळत आला आहे. ऑस्ट्रेलियात २००६ च्या कायद्याने स्वतःपुरती वीज निर्माण करणाऱ्या व्यावसायिकालाही इंधनकराची सवलत दिली आहे. जनरेटर किती तास चालला याची मोजणी ठेवता येते, आणि खोट्या दाव्याला दंड करता येतो.

चौथा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. डिझेलचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. तो स्वस्त का करावा? म्हणूनच संपूर्ण कर परत मागणे योग्य नाही. परत मागावा तो फक्त रस्त्याच्या नावाने घेतलेला भाग. बाकीचा कर त्या धुराबद्दल समाजाचे देणे म्हणून भरावा, आणि परतावा घेणाऱ्याने जमेल तसे छतावर सौर पॅनेल बसवून ते देणे कमी करत जावे. पाहुण्याच्या ताटापाशी दिवा लावणाऱ्याला दयेची सूट नको. ज्या कारणाचे नाव दिले त्याच कारणासाठी घ्यावे, एवढे शासनाने पाळावे. आणि जेवढे जाळले तेवढेच सांगावे, एवढे जनरेटर लावणाऱ्याने पाळावे. दोघांचा शब्द खरा ठरला, तरच कराला अर्पणाचे मोल येईल.