वाईटाचा कर्ता कोण?

मुंबईत लहानपणी आमच्या शेजारी एक पारशी कुटुंब राहत असे. माझी आई एकदा तापाने फार आजारी असता शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "डिकरी, खोदायजी आजार नाय पाठवत. ते तर अहरेमननु काम!" मी घरी हे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "आपला देव एकच आहे. बरे आणि वाईट, दोन्ही त्याच्याच हातचे." यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न पुढे परिचारिकेच्या नोकरीत मला वारंवार पडला.

प्राचीन इराणच्या जरथुष्ट्री धर्मात अहुर मज्द हा ज्ञानी व सर्वस्वी चांगला परमेश्वर आहे. त्याच्याबरोबर सहा अमर शक्ती आहेत. त्यांपैकी हौर्वतात म्हणजे आरोग्य. ती पाण्याची राखण करते. अमेरेतात म्हणजे अमरत्व. ती वनस्पतींची राखण करते. पारशी पंचांगातील खोरदाद व अमरदाद हे महिने या दोघींच्याच नावाचे. यांच्या विरुद्ध उभा आहे अंग्र मैन्यू, म्हणजेच अहरिमन. रोग, मृत्यू आणि असत्य ही त्याची करणी. चांगले की वाईट याची निवड माणसाने स्वतः करावयाची. म्हणून खरे बोलणारा, शेत पिकविणारा, रोग्याला बरे करणारा हा देवाच्या बाजूचा शिपाई ठरतो. आजचे पारशी लोक अहुर मज्दालाच एकमेव देव मानतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. इराणचा राजा कोरेश याने इ. स. पूर्व 539 मध्ये बाबेल जिंकले आणि तेथील यहुद्यांना यरुशलेमला परतण्याची मुभा दिली. यशयाच्या 45 व्या अध्यायात या कोरेशालाच उद्देशून सांगितले आहे की, उजेड आणि काळोख, शांती आणि अरिष्ट यांचा कर्ता एकच. हे इराणी विचाराला दिलेले उत्तर होय, असे अनेक विद्वान मानतात. सकाळच्या प्रार्थनेत आपण तेच म्हणतो; मात्र 'वाईट' या शब्दाच्या जागी आपल्या हाखामांनी 'सर्व' हा शब्द घातला. तत्त्व पक्के ठेवले, पण जीभ सौम्य केली.

तालमूदात एक गमतीची गोष्ट आहे. एक इराणी पुरोहित अमेमार या हाखामाला म्हणाला, "तुझ्या शरीराचा वरचा अर्धा भाग चांगल्या देवाचा, खालचा अहरिमनाचा." अमेमारने विचारले, "मग वरच्याचे पाणी खालचा आपल्या हद्दीतून कसे जाऊ देतो?" मूत्रपिंडाचे रोगी सांभाळलेल्या कोणत्याही नर्सला हे उत्तर पटेल. शरीर एकच आहे. त्याची वाटणी होत नाही.

तरीही बाबांचे उत्तर वापरताना माझ्या हातून एक चूक झाली. येथे इस्राएलमध्ये मुलांच्या वॉर्डात एका रात्री एका तरुण आईचे बाळ गेले. तिने मला विचारले, "देवाने असे का केले?" मी म्हणाले, "त्याची मर्जी." तिने माझ्या हातातला आपला हात काढून घेतला. ते मी विसरलेले नाही.

चांगल्याबद्दल जशी बराखा म्हणावी तशीच वाईटाबद्दलही म्हणावी, असे मिश्ना सांगते. मृत्यूची वार्ता कळली की आपण देवाला सच्चा न्यायाधीश म्हणतो. पण ही बराखा ज्याची त्याने आपल्या तोंडाने म्हणावयाची असते. दुसऱ्याचे रडणे थांबविण्याचे ते साधन नव्हे. उलट, जखमीच्या औषधपाण्याचा खर्च इजा करणाऱ्याने द्यावा या तोरातील आज्ञेवरूनच, वैद्याला बरे करण्याची परवानगी आहे, असे हाखामांनी ठरविले. आजार देवाची मर्जी म्हणून तसाच सोडून द्यावा, असे त्यांनी म्हटले नाही.

म्हणून मला असे वाटते : माझे स्वतःचे दुःख मी एकाच देवाच्या हातून घेईन, कारण त्याच्याशी भांडता तरी येते. पण दुसऱ्याचे दुःख समोर आले की ते अहरिमनाचे काम आहे असे समजून त्याच्याशी झुंजावे, आणि देवाच्या वतीने बोलू नये.

त्या दिवशी बाबांनी मला उत्तर दिले आणि लगेच छत्री घेऊन डॉक्टरांना आणायला गेले. शेजारच्या बाई रात्रभर आईच्या कपाळावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवीत बसल्या. उत्तरे दोन होती. काम दोघांनी एकच केले.