सतराव्या वर्षानंतर

बदलापूर लोकलच्या दाराशी किट-बॅगा घेतलेली चार पोरं उभी होती, बुटांच्या स्टडमध्ये अजून ओली माती. त्यांच्याकडे बघत शेजारचे काका म्हणाले, "त्या कोल्हापूरच्या पोराचं पुढे काय झालं हो? वर्ल्ड कप खेळला होता ना?" मी तोंड उघडायच्या आत निकालही त्यांनीच दिला. "सगळे असेच. सतराव्या वर्षी पेपरात फोटो, बाविसाव्या वर्षी पत्ता नाही." अंबरनाथ आलं, काका उतरले. मला मात्र ते बोलणं पुढे बरेच दिवस छळत राहिलं.

कोल्हापूरचं पोर म्हणजे अनिकेत जाधव. जन्म 2000 चा. पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, मग पुणे एफसी, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताचा आघाडीपटू. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिघांशी आपण हरलो, ते सगळ्यांना आठवतं. पुढचं कुणी विचारत नाही. इंडियन ॲरोज, 2018 मध्ये इंग्लंडात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही महिने सराव, मग जमशेदपूर, मग हैदराबाद. 20 मार्च 2022 ला फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादनं केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल जिंकली, त्या हंगामात तो हैदराबादचा खेळाडू होता. त्याच महिन्यात बहरीनच्या दौऱ्यात त्यानं देशाच्या मुख्य संघाकडून पदार्पण केलं. काका ज्या वयाला पत्ता नाही म्हणत होते, ते वय पूर्ण व्हायच्या आतच हे सगळं झालं होतं.

काकांना एवढं सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण त्यांच्या बोलण्यात एक काटा आहे, तो असा निघत नाही. सतरा वर्षांचा तो मुलगा गोल मारायच्या जागेवर खेळत होता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये आल्यावर तो बहुतेक वेळ कडेला, विंगवर दिसला. त्याचं कारण काही त्याच्या पायात नव्हतं. आयएसएलमध्ये 2021 पर्यंत एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येत, त्यानंतर चार. एवढे पैसे मोजून आणलेला परदेशी खेळाडू क्लब गोलपुढे उभा करणार नाही तर कुठे? मग भारतीय स्ट्रायकरनं विंगवर जायचं, नाहीतर बाकावर बसायचं.

निवड होणं आणि खेळायला मिळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे. आपला सगळा जीव निवडीत अडकलेला असतो. दहावीची यादी, भरतीची यादी, संघाची यादी. यादीत नाव आलं की पेढे वाटले जातात, सत्कार होतो, चौकात फलक लागतो. पण सतरा ते बावीस या वयात फुटबॉलपटू घडतो तो सामन्यांत. चुकीचा पास द्यायचा, गोल खायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा उतरायचं. शिबिरानं आणि सरावानं ती भूक भागत नाही.

मुंबईचा राहुल भेके आठवा. शाळकरी वयात त्याला देशानं ओळखलं नव्हतं. मुंबईच्या स्थानिक फुटबॉलमधून तो वर आला, ईस्ट बंगालकडे गेला, क्लबामागून क्लब खेळत राहिला. 2019 च्या आयएसएल अंतिम सामन्यात जादा वेळेत बंगळुरूसाठी विजयी गोल त्याचाच. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटीला जिंकून देणारा हेडरही त्याचाच, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं मिळवलेला तो पहिला विजय. तो पोचला उशिरा, पण खेळत खेळत पोचला.

इथं थोडं आडवळण घेतो. मुंबईच्या लीगचे सामने बघायला आपल्याकडची मंडळी दादरला गाडी बदलून वांद्र्याला जातात, त्या मैदानाला नेव्हिल डिसोझाचं नाव आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं तीन गोल मारले. भारत 4-2 जिंकला आणि त्या स्पर्धेत चौथा आला. हा माणूस टाटांकडून खेळला, कॅल्टेक्सकडून खेळला. तेव्हा कंपन्यांचे संघ होते, गिरण्यांचे होते, रेल्वेचे होते. पगार बेताचा असेल, पण संघ होते आणि सामने होते. डिसोझाचं नाव काढताना माझा ऊर आजही भरून येतो.

माझं जुनं मत असं की, अशा पोरांनी कोवळ्या वयातच परदेश गाठावा. अनिकेत ब्लॅकबर्नलाच राहिला असता तर, असं मी किती जणांना ऐकवलं असेल! पण इंडोनेशियाच्या मार्सेलिनो फर्डिनानकडे पाहिलं आणि ते मत डळमळलं. विशीतल्या या पोरानं 19 नोव्हेंबर 2024 ला जकार्तात सौदी अरेबियाविरुद्ध दोन गोल मारले, अख्खा देश रस्त्यावर आला. त्या वेळी तो इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडचा खेळाडू होता, आणि तिथं मुख्य संघात त्याला मैदान जवळपास मिळतच नव्हतं. शेवटी 2025 मध्ये खेळायला मिळावं म्हणून तो स्लोव्हाकियातल्या ट्रेन्चीनकडे उसना गेला. क्लब मोठा, देश पुढारलेला, तरी बसायचं बाकावरच.

मग प्रश्न देशाचा उरतच नाही, जवळच्या सामन्याचा उरतो. अनिकेतच्याच गावात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ भिडतात तेव्हा बसायला जागा मिळत नाही. काका म्हणतील, तिथं भांडणंच फार. असतील. पण विशीच्या आतलं पोर तिथं हजारो डोळ्यांसमोर खेळतं, आणि हरलं तर दुसऱ्या दिवशी पेठेतून जाताना त्याला जाब द्यावा लागतो. आयएसएलच्या क्लबांनी आपली बाकावरची पोरं हंगामभर अशा स्थानिक लीगमध्ये सोडावीत, असं मी आता म्हणतो. हे मी पूर्वी कधीच म्हटलं नसतं. जुलै 2025 मध्ये आयोजकांनी आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवून ठेवला, तेव्हा वरची एक लीग अडली की खालचा खेळाडू किती उघडा पडतो, ते सगळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडे तर सुरुवात झालेलीच आहे. अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा संघ 2022-23 मध्ये देशपातळीवरची आय-लीग 2 खेळला. अंबरनाथचं नाव तिथं पोचलं. उल्हासनगरच्या कॅम्पातली आणि बदलापूरची पोरं मात्र अजून तासाचे पैसे वाटून घेऊन टर्फवर खेळतात. जाळीचा पिंजरा, खाली हिरवं प्लास्टिक, बुटात शिरणारे रबराचे काळे दाणे, आणि वेळ संपली की दाराशी ताटकळलेला पुढचा गट. तिथं पाच-सहा जणांचा खेळ होतो. लांब पास शिकता येत नाही, कॉर्नरवर उडी कशी घ्यायची ते कळत नाही. सप्टेंबर 2017 मध्ये राज्य सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते. चेंडू आले, मैदानं आली नाहीत.

उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, तिघांनी मिळून अकरा जणांचं एकच पूर्ण मैदान राखावं, आणि पावसाळा संपला की दर रविवारी तिथं तिन्ही गावांची लीग भरवावी. त्यासाठी सह्या गोळा करायला मी तिन्ही स्टेशनांबाहेर उभा राहीन.